नावेचा गोठा

वर्षाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांची राखण करत बसले होते. अकोल्याचं ऊन, हातात काठी, समोर कठड्यावर एक बेरकी कावळा… आणि खालून सुनेची हाक, अमरावतीहून फोन आहे म्हणून. या वयात अमरावतीहून भर दुपारी आलेला फोन कसला असणार हे जिना उतरतानाच कळलं होतं, तरी मी मनातल्या मनात त्याला दुसरी कारणं पुरवत होते. कुणाचं लग्न ठरलं असेल, संत्र्यांची पेटी पाठवायची असेल… इंदू गेली होती. माझी जन्माची मैत्रीण. वर्षा तिच्या भावाची मुलगी, शेवटची काही वर्षं तिच्याजवळ राहणारी. ती रडत रडत सांगत होती, "मावशी, आत्या शेवटच्या दिवशी एकच बोलत होती. ढील दे, ढील दे. आम्हाला काही समजेना. आम्ही चादर सैल केली, पोलक्याच्या गुंड्या काढल्या, नर्सनं सलाईनची पट्टीसुद्धा सैल केली. तर ती मान हलवून नाही म्हणे. आणि मग आमची धावपळ पाहून हसली." आणि ज्या फोनवर रडायचं त्या फोनवर मीही हसले. सून घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. रडू नंतर आलं आणि आलं ते थांबेना. पण त्या दोन शब्दांचा अर्थ फोनवर सांगण्याजोगा नव्हता. तो सांगायला एक तलाव लागतो, एक नाव लागते आणि मोर्शीचे काका, म्हणजे इंदूचे वडील, लागतात. आता काही आठवडे उलटलेत, म्हणून लिहायला बसले आहे.

साठ सालच्या आगेमागे आम्ही दोघी अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत नव्या मास्तरणी म्हणून लागलो. मी अकोल्याची, रुई आणि सरकीच्या वासात वाढलेली. ती मोर्शीची, संत्र्याच्या बागेतली. एका खोलीत दोन खाटा, एक स्टो आणि खिडकीत तिची गणिताची पुस्तकं असा आमचा संसार. स्वस्थ बसणं इंदूच्या पत्रिकेतच नव्हतं. लहानपणी बागेतून संत्र्यांची बंडी ती स्वतः हाकायची. मुलीच्या जातीनं बैल हाकू नयेत असं तिची आई म्हणे, आणि काका मात्र दोन्ही कासरे पोरीच्या हाती देऊन मागे पेट्यांवर खुशाल आडवे होत. आमच्याकडे गाडीवानाला धुरकरी म्हणतात. इंदू हाडाची धुरकरी होती. वर्गात फळ्याकडे वळायची तीसुद्धा बैलजोडी वळवल्यासारखी, ऐसपैस.

अशी ही बाई एका उन्हाळ्यात मुंबईला मामाकडे गेली आणि परत आली ती डोकं फिरवूनच. मामा बंदरात नोकरीला होते. त्यांनी हिला शिडाच्या लहान नावा दाखवल्या. कुणाला वाटेल, समुद्र पाहून भुलली असेल. छे. समुद्राबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. तिला वेड लावलं ते त्या नावांच्या परत येण्यानं. "निमे, तुले काय सांगू," खाटेवर उभी राहून ती मला सांगत होती, "एवढं मोठं पाणी सोडून त्या नावा संध्याकाळी आपापल्या गोठ्यात येतेत वं. दोन फळ्यांच्या मधात एवढूशी जागा. अन त्या शिडावर येऊन अशा उभ्या रायतेत, जशी काही गाय दावणीले." धक्क्यातल्या त्या चिंचोळ्या जागेला खलाशी काय म्हणतात ते मामांनी तिला सांगितलं असणारच, पण इंदूनं त्याचं नाव गोठा ठेवलं ते ठेवलंच. आणि आपणही एक नाव करायची, अमरावतीच्या तलावात सोडायची आणि तिला गोठ्यात बांधायची, हे त्याच खाटेवर उभ्या उभ्या ठरलं. मला कुणी विचारलं नाही. मला नुसतं सांगण्यात आलं की शीड मी शिवायचं आहे, कारण अकोल्यात कापड स्वस्त मिळतं.

नाव केली मोर्शीच्या गोविंदा मिस्त्रीनं. जन्मभर त्यानं बंड्याच केल्या होत्या आणि नाव म्हणजे चाकं काढलेली बंडी, यापलीकडे त्याला काही ऐकून घ्यायचं नव्हतं. इंदूनं काढलेलं चित्र त्यानं उलटंसुलटं पाहिलं आणि कानाला पेन्सिल लावून म्हणाला, "बाई, रुंदी मी आखाचीच ठेवतो. आखाच्या मापाचं लाकूड कुठंच अडत नाई." आख म्हणजे बंडीच्या दोन चाकांमधला कणा. वऱ्हाडातल्या सगळ्या रस्त्यांच्या चाकोऱ्या त्या मापाच्या, तेव्हा नावही त्याच मापाची. पाण्यावर चाकोरी नसते हे त्याला सांगायची आमची हिंमत झाली नाही. गंमत अशी की तलावाच्या दगडी घाटात एक खाच होती, दोन भिंती पाण्यात उतरत गेलेल्या. गावात नळ नव्हते तेव्हा पाण्याची बंडी त्यात मागे रेटून पिंपं भरत असत. आमची नाव ट्रकातून आली, पाण्यात उतरली, हातांनी ढकलत त्या खाचेपाशी नेली आणि अगदी बरोबर आत गेली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा राहिली. इंदूनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मी पाण्यात पडता पडता वाचले. "पाह्य, गोठा! देवानं बांधून ठेवला होता वं आपल्यासाठी." मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसत उभा होता, जणू हे सगळं त्यानं आधीच मोजून ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यातला आनंद मी कसा सांगू… शाळा सुटली की सायकली काढायच्या आणि तलाव गाठायचा. माझ्या मांजरपाटाच्या शिडात पहिल्यांदा वारा भरला तेव्हा ते फट्‌दिशी फुगलं, नाव एका कुशीवर कलली आणि आम्ही दोघी किंचाळलो, आणि मग पाणी सर्र करून मागे पळायला लागलं. बैल नाही, इंजिन नाही, आणि आपण चाललोय! मी चौथीच्या मुलींना वारा म्हणजे काय ते रोज शिकवत होते. तो काय चीज आहे हे मला त्या दिवशी कळलं. सुकाणूचा दांडा मात्र इंदूच्या पचनी पडेना. दांडा उजवीकडे नेला की नाव डावीकडे जाते. जन्मभर उजवा कासरा ओढून बैल उजवीकडे वळवणाऱ्या बाईला हे कसं जमावं? आम्ही पहिला आठवडा नुसता लव्हाळ्यात घुसत होतो. शेवटी तिनं दांडा काढून फेकला, सुकाणूच्या डोक्यावर एक आडवं लाकूड ठोकलं, त्याच्या दोन टोकांना सुताचे दोन कासरे बांधले आणि म्हणाली, "घे. जू लावलं." आणि खरंच, उजवा ओढला की नाव उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे! ती मागे कासरे धरून बसे, मी पुढे शिडाची दोरी सांभाळत. नावेला आम्ही नाव काही ठेवलं नाही. नावं ठेवायला अख्खी अमरावती होती.

नाव चालवणं जमलं, पण ती गोठ्यात घालणं काही जमेना, आणि इंदूला तर तेच हवं होतं. शीड उतरवून, बांबूनं ढकलत नेणं तिला कमीपणाचं वाटे. वाऱ्यावर गेलेली नाव वाऱ्यावरच घरी आली पाहिजे, हा तिचा हट्ट. आम्ही येत असू त्या जोरातच. भिंत जवळ आली की इंदू दोन्ही कासरे छातीशी ओढून "हो हो हो" करायची, बैल थांबवावेत तशी. बंडी त्यानं थांबते, नाव कशाला थांबेल? मी पुढे पाय रोवून भिंतीला लाथा घालायची आणि तरी लाकूड दगडावर खरवडून निघायचं. मग मी एक युक्ती काढली, खास अकोल्याची. कापूस म्हणजे सगळ्या दुखण्यांवर इलाज असं आम्ही मानतो. गादीच्या कापडाचे लांब लांब लोड शिवले, त्यात रुई ठासून भरली आणि नावेच्या दोन्ही अंगांना बांधले. आता धडकली तरी गादीवर धडकेल! पहिल्या दिवशी फेरी मारून आम्ही ऐटीत गोठ्यात शिरलो आणि अर्ध्यात गच्च रुतून बसलो. पुढेही नाही, मागेही नाही. पाणी पिऊन रुई फुगली होती. जाळी टाकणारे दोन भोई काठावर बसून हसले, पोट धरून हसले, मग त्यांनीच पाण्यात उतरून आम्हाला बूच काढावं तसं बाहेर काढलं. आणि हे सगळं घाटावर उभे राहून तलावाचे ओव्हरसिअर साहेब पाहत होते.

साहेब पुण्याकडचे, अतिशय सभ्य. ते रागावले नाहीत. मोर्शीच्या बाजारात काकांशी त्यांची ओळख होती, तिथे भेटल्यावर त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की आपल्या कन्येच्या नौकेमुळे घाटाच्या बांधकामाला अपाय होण्याचा संभव आहे. झालं. पुढच्या रविवारी काका एसटीनं अमरावतीत हजर. साहेबांना घेऊन ते घाटावर आले, खाच पाहिली, नाव पाहिली, खरवडलेलं लाकूड बोटानं चाचपलं. "दगडाले काय होते साहेब," ते म्हणाले, "पोट्टीचं डोस्कं फुटन एखाद्या दिवशी." साहेबांनी रुमालानं घाम टिपला. मग काका इंदूकडे वळले. मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

"इंदे, मोर्शीत लोक मले इचारून रायले, पोरगी मास्तरीण हाये का नावाडी. मी काय सांगू? आता आईक. येत्या रविवारी मी येतो. साहेबासमोर तू ही नाव शिडावर आन अन गोठ्यात घाल, दगडाले न लागू देता. एकटीनं. बंडीले धुरकरी एकच असते. घातली, तं नाव तुयी अन शाळा तुयी, मी तोंडातून शब्द काढत नाई. नाई जमलं, तं या नावीची डोण करतो अन बैलायपुढे पानी प्यायले ठेवतो. ट्रंक बांधून ठेवजो. दुपारच्या एसटीनं घरी."

मला वाटलं इंदू भांडेल. मी तर भांडायला पदर खोचलाही होता. पण ती म्हणाली, "मंजूर हाये, बाबा." आणि नावेतलं पाणी उपसायला लागली.

त्या आठवड्यात तिनं मला नावेत बसू दिलं नाही. मी काठावरून पाहायची. एकटी, एका मुठीत कासरे, दुसऱ्या मुठीत शिडाची दोरी… रोज यायची आणि रोज शेवटच्या क्षणी दोन्ही हात छातीशी ओढायची. हाताला लहानपणापासून लागलेली सवय ती. बुद्धीला कळत होतं पण हाताला कळत नव्हतं. "इंदे, ओढू नको वं," मी ओरडायची. "मले ठाऊक हाये," ती चिडून ओरडायची, आणि ओढायची. शनिवारी संध्याकाळी तिनं ट्रंक बांधली. पुस्तकं खाली, पातळं वर, सगळं नीट घड्या घालून. मला तिचा इतका राग आला… तिचा नाही, काकांचा, मिस्त्रीचा, त्या आखाचा, सगळ्या जगाचा. सात इंच रुंदी कमी ठेवली असती तर काय बिघडलं असतं त्या माणसाचं! इंदू मात्र ट्रंकेवर बसून चणे खात होती. "वारा कसा रायते उद्या, कोनाले माहीत," एवढंच म्हणाली.

वारा चांगलाच होता. घाटाच्या पायरीवर काका उकिडवे बसलेले, टोपी गुडघ्यावर, नजर पाण्यावर. त्यांच्याशेजारी साहेब रुमाल अंथरून. भोई आलेच होते. त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे. लोड आम्ही काढून टाकले होते, आता उघडं लाकूड आणि उघडा दगड. इंदू पलीकडच्या काठापर्यंत गेली, तिथे शीड हळूच एका बाजूचं दुसऱ्या बाजूला पडलं आणि ती परत फिरली. पाठीमागून तिरपा वारा. शीड टम्म फुगलेलं. काय सुंदर येत होती ती! मी सगळं विसरून नुसती पाहत राहिले. आणि मग ध्यानात आलं की ती फार जोरात येतेय. इतक्या जोरात आम्ही कधी आलो नव्हतो. काकांच्याही ध्यानात आलं. त्यांची मान ताठ झाली. साहेब उठून एक पायरी वर चढले. नावेचं टोक गोठ्याच्या तोंडाशी बरोबर रोखलेलं होतं, पण त्या जोरानं ती आत शिरती तर समोरच्या दगडावर फुटलीच असती. मला इंदूचा चेहरा दिसला. दात आवळलेले. आणि दिसलं की तिच्या दोन्ही मुठी हळूहळू छातीकडे यायला लागल्यात. शिडाची दोरीही त्यांतल्याच एका मुठीत, म्हणजे ती ओढील तसं शीड आणखीच वारा धरणार…

"ढील दे!"

तो आवाज माझा नव्हता. काका उभे राहिले होते. टोपी पाण्यात पडली होती. "इंदे, ओढू नोको! घराकडं निंघालेला बईल ओढून थांबत नाई वं! ढील दे, पोरी, ढील दे!"

आणि इंदूनं हात उघडले. सगळं सोडलं, दोन्ही कासरे आणि शिडाची दोरी, सगळं. दोरी सळसळत सुटली, शीड पुढे जाऊन नुसतं फडफडायला लागलं, सुकाणू आपसूक सरळ झालं. नाव हलकी झाल्यासारखी वाटली. वेग मेला, पण नाव थांबली नाही; आधी मिळालेल्या ओढीवर ती सरळ, मुकाट, गोठ्याच्या तोंडातून आत आली. डाव्या अंगाला चार बोटं, उजव्या अंगाला चार बोटं. दगडाला शिवली नाही. काका धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात उतरले होते. त्यांनी नावेचं टोक दोन्ही हातांत धरलं, बैलाची वेसण धरावी तसं, आणि ती उभी राहिली. भोयांनी शिट्ट्या मारल्या. मी काय करत होते मला आठवत नाही. इंदू म्हणायची की मी साहेबांचा हात धरून उड्या मारत होते. साहेबांनी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, "माझी काही हरकत नाही. मात्र इतक्या मोठ्यानं ओरडत जाऊ नका, पलीकडे बगळे बसतात."

बापलेक एकमेकांकडे पाहत होते. ती नावेत बसलेली, तिचे हात अजून उघडेच. ते पाण्यात उभे. पोरीनं हरावं म्हणून आलेला माणूस आपणच तिला जिंकून देऊन बसला होता, आणि हे त्यांना आत्ता उमगत होतं. काकांनी खाकरून घसा साफ केला.

"ट्रंक सोड खोलीवर गेल्यावर," ते म्हणाले. "उद्या शाळा हाये ना तुयी?"

मग ते गेलेच नाहीत. दुपारची एसटी चुकवली. ओल्या धोतरानं नावेत बसले आणि इंदूनं त्यांना तलावभर फिरवलं. त्यांनी कासरे हातात घेऊन दोन वळणं स्वतः घेतली आणि उतरल्यावर मला म्हणाले, "बईल दिसत नाई वं निमे, पन हाये भल्ला ताकदीचा."

इंदूनं त्याच शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलं. पुढे शाळेच्या मुली त्या नावेत बसल्या, गोठ्यात नाव घालायला शिकल्या, आणि इंदू घाटावर उभी राहून काकांच्या आवाजात ओरडायची. बगळे उडायचे. नाव म्हातारी झाली तेव्हा तिची डोणच झाली, मोर्शीच्या बागेत, बैलांसाठी. ते तिनं मला इतकं हसत सांगितलं होतं की मीही हसले. माझं लग्न होऊन मी अकोल्यात आले, तिनं लग्न केलं नाही, आणि आमची भांडणं पोस्टानं आणि नंतर फोननं चालू राहिली. पोरांच्या परीक्षेपासून माझ्या नवऱ्याच्या आजारपणापर्यंत, मी कशालाही फार आवळून धरलं की तिकडून एकच वाक्य यायचं. मला त्याचा रागही यायचा. प्रत्येक गोष्ट काय नाव असते का, असं मी एकदा तिला सुनावलंही होतं.

तेरवीला मी अमरावतीला गेले. तिच्या घराला रस्त्यावरून आत यायला दोन घरांमधली एक बोळ आहे, स्कूटरच्या हँडलाला जेमतेम पुरेल एवढी. इंदू पंचाहत्तरीपर्यंत लूना चालवायची. कोपऱ्यावर आली की इंजिन बंद करायची आणि उरलेल्या ओढीवर, पाय न टेकता, त्या बोळीतून अंगणात. शेजारचे म्हणत, इतरांच्या गाड्या आल्याचं आवाजानं कळतं, बाईंची गाडी आली की आवाज बंद होतो. पाहुणे पांगल्यावर मी तिच्या खोलीत बसले. दाराच्या मागे खुंटीला ते दोन सुताचे कासरे टांगलेले होते, हाताच्या घामानं काळे पडलेले. मी ते काढून मांडीवर घेतले. संध्याकाळ झाली आणि रस्त्यावरून एक स्कूटर आली, कोपऱ्यावर आली… आणि तिचा आवाज बंद झाला.

मी उठून खिडकीशी गेले. माझ्या काळजात काय झालं ते लिहीत नाही. बोळीतून वर्षा येत होती, इंजिन बंद, पाय वर, पाठीवर ऑफिसची पिशवी. दोन्ही भिंतींना न शिवता ती अंगणात आली आणि गाडी आपसूक उभी राहिली. हे तुला कुणी शिकवलं, मी खिडकीतून विचारलं. ती गोंधळून म्हणाली, "काय शिकवलं, मावशी? आमच्याकडे गाडी अशीच आत आणतात."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोन्ही कासरे मी मुठीत इतके घट्ट धरलेत की बोटं पांढरी पडलीत. मी हात उघडले. मग वर्षाला आत बोलावलं, समोर बसवलं आणि आत्या शेवटी काय म्हणत होती ते सांगायला सुरुवात केली.